सरांना पोहायला शिकवलं तो उन्हाळा

आमच्या सरांना हेल्मेटशिवाय पाहिलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असतील. स्कूटर चालवताना घालावं हे ठीक, पण स्कूटर स्टँडवर लावली तरी ते डोक्यावरून उतरत नसे. डहाणू रोडच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी हुंगताना, लग्नाच्या मांडवात पंगतीला बसताना, कोणाच्या चिकूच्या वाडीत शिरताना, सगळीकडे तेच लाल हेल्मेट, काच तेवढी वर केलेली. कोणी विचारलं तर म्हणायचे, "एकदा नारळ पडला होता, हातभर अंतरावर. पुढच्याचा नेम चुकेलच असं थोडंच आहे?" बाजारात नारळाची झाडं कुठे आहेत, असं विचारायची पद्धत नव्हती.

सर आता नाहीत. गेल्या हिवाळ्यात झोपेत गेले, कोणाला काही त्रास न देता. जिवंतपणी दिला तेवढा पुरे झाला, असं त्यांना वाटलं असावं. ज्युनिअर कॉलेजात गणित आणि फिजिक्स शिकवून निवृत्त झाले होते आणि मसोलीतल्या बैठ्या घरात काकू आणि दोन कुत्रे यांच्यासोबत राहत होते. घरात तीन भाषा चालायच्या आणि त्यांची कामं वाटून दिलेली होती. समजावून सांगायचं ते मराठीत. रागवायचं ते गुजरातीत, कारण सरांची पहिली शाळा गुजराती होती आणि छड्या त्यांनी तिथे खाल्ल्या होत्या. इंग्रजी फक्त कुत्र्यांशी. "हुकूम सोडण्यापुरती येते मला," म्हणायचे. कुत्रे मात्र त्यामुळे फार सुशिक्षित वाटायचे.

एप्रिल लागला की त्यांच्या ओट्यावर मुलं जमू लागायची. आमच्या भागातून मोठ्या खासगी विद्यापीठांत अर्ज करणारी मुलं फार नव्हती, पण दर वर्षी दोन-चार निघायचीच. त्या अर्जांत एक प्रश्न हमखास असतो, सुट्टीत तुम्ही काय केलंत? आणि आमच्याकडची खरी उत्तरं म्हणजे चिकू निवडले, बोंबील वाळवले, मामाकडे जाऊन झोपले. ती लिहायची लाज वाटायची. मग सरांना विचारायचं, "सर, सुट्टीत काय केलं तर अर्जात चांगलं दिसेल?"

"गजरा माळ," सर म्हणायचे. "चांगला दिसतो. स्वस्तही आहे."

कोणी म्हणालं, मला समाजसेवेची आवड आहे, की ते विचारत, "कोणत्या समाजाची? त्यातल्या एकाचं नाव सांग." एक मुलगा तलासरीकडच्या पाड्यावर बिस्किटं वाटतानाचे फोटो घेऊन आला होता. सरांनी फोटोतल्या पोरावर बोट ठेवून विचारलं, "याचं नाव काय?" त्याला सांगता आलं नाही. सरांनी फोटो परत दिला आणि म्हणाले, "फोटो छान आहे. बिस्किटं कुठली होती?" तो मुलगा पुन्हा आला नाही, पण त्याला प्रवेश मात्र मिळाला. हेही सरच सांगायचे, अगदी मोकळेपणानं. "माझ्या पद्धतीनं प्रवेश मिळतो असं मी कुठे म्हणालो?"

त्यांची पद्धत अशी होती. एक सुट्टी, एक माणूस, एक गोष्ट. तुला येणारी एक गोष्ट निवडायची, ती न येणारं एक माणूस शोधायचं आणि पावसाआधी त्याला ती शिकवायची. मग सर येणार आणि परीक्षा घेणार, तीसुद्धा तुझी नाही, त्या शिकलेल्या माणसाची. त्या वेळी शिकवणाऱ्यानं बाहेर थांबायचं, दिसायचं नाही आणि काही सांगायचंही नाही. आत येऊन मदत केलीस की संपलं. शिकणारा पास झाला तर सर शिफारसपत्र लिहून सही करत. नाही झाला तर नाही. परीक्षा वर्षातून एकदाच, फेरपरीक्षा नाही. या एका सहीसाठी ते स्कूटरवरून तलासरीपर्यंत जायचे आणि भर उन्हात हेल्मेटच्या आत घामाघूम होऊन परत यायचे.

तलासरीच्या एका मुलानं आपल्या आजोबांना व्हिडिओ कॉल करायला शिकवलं होतं. नातू बाहेर आंब्याखाली उभा आणि आत आजोबा फोन उलटा धरून सुरतेच्या मुलाशी बोलतायत. पलीकडून मुलगा ओरडतोय, "बाबा, पंखा दिसतोय." सर खाटेवर बसून राहिले. आजोबांनी फोन सुलटा करून स्वतःचा चेहरा त्यात आणेपर्यंत त्यांनी एक अवाक्षर काढलं नाही. वरोरच्या एका मुलीनं आपल्या नव्या वहिनीला बोंबील टांगायला शिकवलं. वहिनी आतल्या गावातली, मासळीचा वाससुद्धा न सोसणारी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी बांबूवर सोडायची असते. दिसायला सोपं आहे, पण नवशिक्याच्या निम्म्या जोड्या वाळूत पडतात. वहिनीनं अख्खा बांबू भरला, एकही पडली नाही. सरांनी तिथेच सही केली आणि पत्राला दोन दिवस बोंबलाचा वास येत होता असं ती मुलगी अजून सांगते.

मी अकरावी संपवून सरांकडे गेले तेव्हा माझ्याकडे पाच कामांचा बेत तयार होता. बोरिवलीच्या माझ्या आतेबहिणीनं तो करून दिला होता. तिला एक सल्लागार होते, ते सुट्टीचा तास अन् तास आखून देत. एक ऑनलाइन कोर्स, एक शिबिर, किनाऱ्याची साफसफाई, मुलींसाठी काहीतरी आणि पर्यावरणासाठी काहीतरी. मला दक्षिणेतल्या एका विद्यापीठात जायचं होतं. पप्पांनी स्पष्ट सांगितलं होतं, "पूर्ण स्कॉलरशिप भेटली तर जा गो बाय. नाय भेटली तर इथलं कॉलेज काय वाईट नाय." आमची वाडी वरोरच्या अलीकडे, झाडं मोजकी. पप्पांचं म्हणणं बरोबर होतं आणि म्हणूनच ते मला जास्त लागायचं. ती स्कॉलरशिप सोडून त्या दिवसांत माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

सरांनी पाचही कामं शांतपणे ऐकून घेतली.

"यातल्या कुठल्या कामाला तू एक दिवस गेली नाहीस तर कोणाचं अडेल?"

मी विचार केला. कोणाचंच अडणार नव्हतं. साफसफाईला तर मी गेले काय अन् न गेले काय, भरतीबरोबर कचरा परत यायचाच.

"तुला काय येतं?" त्यांनी विचारलं.

मला पोहता येत होतं. खरोखर चांगलं येत होतं. पण शिकवायचं कोणाला? वरोरची कोळ्यांची पोरं चालायच्या आधी पोहतात, ती मलाच हसली. आई म्हणाली, या वयात मला पाण्यात ढकलू नको. मावशीनं केसांचं कारण दिलं. चिकूचा हंगाम जोरात होता आणि ज्याला विचारावं तो हातातला क्रेट दाखवायचा. आठवडाभर मी दारोदार फिरले आणि हात टेकून पुन्हा सरांच्या ओट्यावर येऊन बसले.

"कोणी मिळत नाही, सर."

"शोध."

मी वैतागले होते. "सर, तुम्हाला येतं का पोहायला?"

सरांनी वर केलेली हेल्मेटची काच खाली घेतली. आतून आवाज आला, "नाही."

"मग तुम्हीच शिका."

काचेमागे सर नियमात कुठे अडचण आहे का ते तपासत होते. शेवटी काच वर झाली. "शिकणारा आणि परीक्षक वेगवेगळे असावेत असं मी कधी म्हणालो नाही," ते म्हणाले. "म्हणायला हवं होतं. आता उशीर झाला."

काकू दारातून ऐकत होत्या. त्यांना हसू आवरेना. सर जन्मल्यापासून समुद्राजवळ राहिलेले, पण फिरायला गेले की कोरड्या वाळूतून चालणार, लाट पायाला लागू देणार नाहीत. घरात शॉवर बसवला तर म्हणे डोक्यावर पाणी पडताना श्वास कधी घ्यायचा ते कळत नाही, म्हणून तांब्यानंच अंघोळ. मी निघाले तेव्हा काकू फाटकापर्यंत आल्या. हसणं थांबलं होतं. म्हणाल्या, "तू नेतेस त्यांना, मला बरंच वाटतं. पण माणूस जसा नेशील तसा परत आण हं."

आमच्या वाडीत सिमेंटचा एक जुना हौद आहे. आता ठिबक आल्यापासून त्याचं काम कमी झालंय, पण पाणी भरलेलं असतं. उभी राहिले तर माझ्या हनुवटीला लागायचं. सर माझ्याहून बुटके होते, म्हणजे त्यांच्या नाकावरून जायचं. दुपारी वाडीतली माणसं जेवून सावलीत आडवी झाली की सर यायचे. लांब बाह्यांचा बनियन, गुडघ्यापर्यंतची नाडीची पट्ट्यापट्ट्यांची चड्डी आणि हेल्मेट. पहिले काही दिवस तर ते हेल्मेट घालूनच पायरीवर कमरेएवढ्या पाण्यात बसले. हौदावर एक नारळ खरंच होता, त्यामुळे मला वादही घालता येईना. शेवटी पप्पांनी त्या झाडाचे सगळे नारळ उतरवले, तेव्हा कुठे हेल्मेट काठावर आलं. सरांना टक्कल आहे हे मला त्या दिवशी कळलं.

मला आश्चर्य वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. चिकू उतरवायला येणाऱ्या बायका आडव्या व्हायचं सोडून हौदाच्या काठाशी येऊन बघत बसायच्या. त्यातली तलासरीची एक मावशी रोज विचारायची, "सर, आज तरी नाय ना बुडाले?" सर तिला सविस्तर उत्तर द्यायचे. आज नाकात पाणी गेलं, पण कालच्यापेक्षा कमी. पाय अजून खालीच जातात. त्यांना त्यात काही कमीपणा वाटत नसे. ज्या माणसापुढे अख्ख्या तालुक्यातली पोरं उभी राहायला घाबरायची, तो माणूस चारचौघांत काठाला घट्ट धरून पाय मारायचा आणि म्हणायचा, "शिकतोय." मला तेव्हा हसू यायचं. आता आठवलं की त्यांच्याविषयी फार आदर वाटतो.

पाय आले, हात आले, श्वास आला. अडलं ते पाठीवर तरंगण्यापाशी. वस्तू पाण्यावर का तरंगते हे सरांनी फळ्यावर किती वर्षं शिकवलं असेल, पण स्वतःच्या बाबतीत त्यांचा त्यावर काडीचा विश्वास नव्हता. मी पाठीखाली हात धरायचे आणि सर लाकडाच्या फळीसारखे ताठ व्हायचे. मान वर, डोळे वटारलेले.

"सर, मान सोडा. कान पाण्यात जाऊ द्या."

"कान नाही."

"कान गेल्याशिवाय तरंगता येत नाही."

"कान पाण्यात गेले की जगाचं काही ऐकू येत नाही," सर म्हणाले. "आणि तेवढ्यात कोणी हाक मारली तर?"

"मी आहे ना. मी ओ देईन."

मग त्यांनी मान सोडली. कान पाण्यात गेले, पोट वर आलं, पायही वर आले. मी हात काढून घेतला हे त्यांना कळलंच नाही. नंतर त्यांनी मला विचारलं, आत तो जो आवाज येतो तो कसला. मी म्हटलं, तुमच्याच श्वासाचा. "इतका मोठा असतो?" म्हणाले, आणि पुन्हा आडवे झाले. त्या दिवसापासून त्यांना पाण्याबाहेर काढणं हेच एक काम होऊन बसलं.

परीक्षा मे संपता संपता ठरली. सरांनी सरांना घातलेला पेपर असा होता. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोहत जायचं, परत यायचं, मग मध्यावर पाठीवर तरंगत मनात शंभर मोजायचे, बाहेर यायचं आणि मला हाक मारायची. मी पंपाच्या खोलीमागे थांबायचं. बघायला कोणी नको, म्हणून पप्पांनाही आणि त्या मावशीलाही लांब पाठवलं होतं.

"आणि काही झालं तर?" मी विचारलं.

"काही झालं तर नापास," सर म्हणाले.

मी खोलीमागे जाऊन उभी राहिले. पाण्यात उतरल्याचा आवाज आला. मग हातापायांचा, एका लयीत, मी शिकवल्यासारखा. भिंतीला हात लागला, वळले, परत आले. मला इतका आनंद झाला की मी तिथे एकटीच हसत होते. पत्र डोळ्यांपुढे दिसायला लागलं होतं. मग आवाज थांबला.

तरंगतायत, मी मनाशी म्हटलं. मीही मोजू लागले, पण तिसात-चाळिसात कुठेतरी आकडे सुटले. पुन्हा सुरू केलं, पुन्हा सुटले. पाण्याचा जरासुद्धा आवाज नव्हता. तरंगताना आवाज होत नाही हे मलाच तर माहीत होतं, मीच सांगितलं होतं, अजिबात हलू नका. पण बुडून गेलेल्या माणसाचाही आवाज होत नाही. सर एरवीसुद्धा सावकाश मोजायचे हेही आठवलं. सगळं आठवलं, आणि फाटकाशी उभ्या राहिलेल्या काकूही आठवल्या. मी "सर" म्हणून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली, तरी नाही.

मग मी धावले. चप्पल घातलेली, खिशात फोन, तशीच हौदात उडी मारली.

सर मस्त तरंगत होते. डोळे मिटलेले, हात पसरलेले, आणि चेहऱ्यावर असं काही सुख की मी ते कधी पाहिलं नव्हतं. ते मी पाहिलं ते उडी हवेत असताना. पुढच्या क्षणाला माझ्या उडीची लाट त्यांच्या नाकातोंडात गेली आणि इतका वेळ न बुडालेले सर आता खरोखर बुडायला लागले. मी त्यांना बनियनला धरून पायरीवर ओढलं. ते खोकत होते, मी रडत होते, माझी एक चप्पल हौदात गोल गोल फिरत होती.

श्वास परत आल्यावर सरांची गुजराती सुरू झाली. "नेवुं सुधी पहोंच्यो हतो, बेन. नेवुं." नव्वदपर्यंत आले होते. आणखी दहा हवे होते.

"सर, मला वाटलं..."

"नापास."

मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती. सरांनी टॉवेलनं डोकं पुसलं, हेल्मेट चढवलं आणि मराठीत समजावून सांगितलं, म्हणजे निर्णय झाला होता. शंभर पूर्ण झाले नाहीत. शिकवणारी आत आली. दोन्ही नियम मोडले. मी म्हटलं, उद्या पुन्हा करू. फेरपरीक्षा कोणालाच दिलेली नाही, ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला पोहायला येतं की नाही? येतं, म्हणाले, उत्तम येतं. मग? मग काही नाही. स्कूटर सुरू करून गेले.

दुसऱ्या दिवशी पप्पा चिकूचा क्रेट घेऊन मसोलीला गेले. "सर, पोरीच्या सगळ्या आयुष्याचा प्रश्न हाय. देऊन टाका ना सही." सरांनी त्यांना चहा पाजला, चिकू ठेवून घेतले, त्यांच्या गोडीची तारीफ केली आणि सही दिली नाही. याआधी ज्या मुलांना नापास केलं त्यांच्या घरी जाऊन काय सांगू, असं विचारलं. पप्पा घरी येऊन म्हणाले, "माणूस वेडा हाय, पण लबाड नाय." मला त्यात काही समाधान नव्हतं. पावसाळाभर मी सरांचं नाव काढलं नाही. सर मात्र पाऊस थांबला की दुपारचे आमच्या हौदात येऊन तरंगत पडायचे, जणू आमच्यात काही झालंच नव्हतं. मी आत खोलीत खिडकी लावून अभ्यास करायचे आणि मनातून त्यांना शिव्या द्यायचे.

विद्यापीठाला निबंध हवा होता आणि ते काम डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाचं पत्र. आतेबहीण म्हणाली, काहीतरी दुसरं लिही, पत्र मी मिळवून देते. माझं मन होत नव्हतं. रागाच्या भरात मी खरं तेच लिहिलं. सुट्टीत मी एका माणसाला पोहायला शिकवलं, तो पोहायला शिकला आणि त्यानं मला नापास केलं. पत्राच्या जागी लिहिलं, पत्र मिळालं नाही, कारण निबंधात आहे. अर्ज गेला आणि मी आशा सोडली.

थंडीत मुलाखतीचं बोलावणं आलं, ऑनलाइन. आमच्या वाडीत नेटवर्क झाडावर चढून मिळतं. काकूंच्या कानावर गेलं आणि त्यांनीच निरोप पाठवला, आमच्याकडे ये, इथे वायफाय चांगलं आहे. जाणं भाग होतं. सर ओट्यावर कुत्र्यांना घेऊन बसले, मी आतल्या खोलीत. पडद्यावर दोघं होते, एक दाढीवाले प्राध्यापक आणि एक बाई. बाई मराठी निघाल्या. निबंधाबद्दल बरंच विचारून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हे सर खरंच आहेत की तू रचलेत?"

"बाहेर बसलेत," मी म्हटलं.

"बोलव बघू."

सर आत आले, हेल्मेटसकट. प्राध्यापकांनी इंग्रजीत नमस्कार-चमत्कार सुरू केले. सरांनीही आदरानं इंग्रजीत उत्तर दिलं, मोठ्यानं, आणि दोन्ही कुत्रे धावत आत येऊन शिस्तीत बसले. माझे डोळे पांढरे झाले. स्कॉलरशिप, दक्षिण, सगळं त्या कुत्र्यांबरोबर माझ्यासमोर बसलेलं मला दिसत होतं. बाई मात्र हसत होत्या. त्यांनी मराठीत विचारलं, "सर, ही मुलगी कशी शिकवते?"

"उत्तम शिकवते. मला पोहता येतं. या वयात."

"मग नापास का केलंत?"

"तिला नियम माहीत होता," सर म्हणाले. "सही गेली तर काय जाईल तेही माहीत होतं. तरी आत धावून आली. तिला सहीपेक्षा मी जास्त वाटलो. माझ्या परीक्षेत त्याला गुण नाहीत, मी ते देऊ शकत नाही. तुमच्यात असतील तर तुम्ही द्या."

एवढं बोलून ते कुत्र्यांना घेऊन बाहेर गेले. मला पडदा नीट दिसेना, कारण डोळे भरून आले होते. इतके महिने त्या माणसाचा जो राग मी धरला होता, तो त्या एका मिनिटात कुठे गेला कळलं नाही.

स्कॉलरशिप मिळाली, पूर्ण. पप्पांनी वाडीतल्या सगळ्यांना पेढे वाटले. मी सरांकडे गेले तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे त्यांच्यात गुण आहेत. चांगलं विद्यापीठ आहे." निकाल बदलायचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. पुढे कोणी विचारलं की काकू अभिमानानं सांगायच्या, "यांना हिनं शिकवलं." सर लगेच पुस्ती जोडायचे, "पण नापास."

पहिल्या वर्षाच्या सुट्टीत मी घरी आले. दुपारी सर नेहमीसारखे हौदावर आलेले होते, पोहून झालं होतं, पायरीवर ऊन खात बसले होते. मी शेजारी जाऊन बसले. एक प्रश्न वर्षभर माझ्या मनात होता, तो मी विचारला.

"सर, त्या दिवशी तुम्ही खरंच बुडत असता, आणि मी नियम पाळून खोलीमागेच उभी राहिले असते तर?"

सरांनी काठावरचं हेल्मेट उचलून डोक्यावर चढवलं.

"तरीही नापासच," ते म्हणाले, "फक्त ते सांगायला मी उरलो नसतो."